वहीतला बगळा

पक्षीमंडळाच्या वहीत नातीचे नाव चढणार की नाही, हे त्या सकाळी ठरणार होते. अट एकच: अख्ख्या फेरीत तोंडातून अक्षर काढायचे नाही. घरी तिला सगळे ‘रेडिओ’ म्हणत, त्यामुळे तिला घेऊन आलेल्या आजोबांनी वाटेत तीनदा अट ऐकवली होती.

“बोललीस, तर पुढच्या वर्षी,” चिटणीसबाईंनी बजावले. नातीने ओठ घट्ट मिटले.

पानगळीचे दिवस, त्यात भुरभुर पाऊस. पाच मोठी माणसे आणि एक नात खाडीकाठचा चिखल तुडवत निघाली. वळणावर मंडळातले औषधवाले काका थबकले.

“थांबा! तिकडं चिखलात बघा. एका पायावर उभा आहे!”

दुर्बिणी वर गेल्या. काचांवर पाणी, पुसायला रुमालही ओलेच.

“राखी बगळा,” आजोबा म्हणाले.

“छे हो, मान कुठंय त्याला?” औषधवाल्यांनी विचारले.

“पंखात खुपसलीय. झोपलाय.”

“इतका काळा बगळा? हा वेगळाच आहे. इथं पहिल्यांदाच आलाय!” चिटणीसबाईंनी वही उघडली.

नातीकडे दुर्बीण नव्हती, म्हणून तिला स्वच्छ दिसत होते. तिने आजोबांची बाही ओढली आणि डोक्यावर दोन्ही हात पसरून मिटले.

“हो गं, उघडेल हं पंख. धीर धर.”

तिने बोट वाकवून आकडा करून दाखवला.

“चोच वाकडी म्हणते! पोरीची नजर बघा!” बाईंनी तेही लिहून घेतले. पाचही जणांनी खाली सह्या ठोकल्या.

पाऊण तासाने भरतीचे पाणी चढले. पक्षी आडवा झाला, तरंगत आला आणि काठाला लागला. मोडकी छत्री होती.

दुर्बिणी एकेक करून खाली आल्या.

“खोडून टाका,” औषधवाले पुटपुटले.

“वहीत खाडाखोड चालत नाही. खाली दुरुस्ती लिहायची, सदस्याच्या सहीनं,” बाई म्हणाल्या.

“मग करा की सही.”

“मी कशी करू? वर सही केलेल्यानं खाली करायची नाही, हा नियम तुमचाच!”

पाचही जणांनी एकमेकांकडे पाहिले आणि मग नातीकडे. ती अजून ओठ मिटूनच उभी होती.

बाईंनी पेन पुढे केले. “आधी सदस्यांच्या यादीत नाव लिही. मग इथं.”

नातीने सावकाश, वळणदार अक्षरात लिहिले: ‘वरचा पक्षी छत्री आहे. दोन काड्या मोडल्या आहेत.’ खाली ऐटीत सही केली आणि आजोबांकडे पाहिले.

“बोल बाई, आता बोल!”

“तुमच्या मागच्या खांबावर खरा बगळा बसलाय,” नात म्हणाली. “मघापासून तुम्हालाच बघतोय.”