आडवी न होणारी सीट

मुलगी पटवायला नशीब लागतं, तिचा बाप पटवायला नुसती तयारी पुरते, असं माझं त्या वेळी ठाम मत होतं. आणि तयारी मी उत्तम केली होती. इतकी उत्तम, की त्या तयारीमुळे एका जिवंत माणसाची अंत्ययात्रा निघाली.

आमचं गाव केनोशा, अमेरिकेतल्या मिशिगन सरोवराच्या काठचं. गावात एक मोठा कारखाना आणि त्यात नॅश गाड्या तयार व्हायच्या. आता ते नाव फारसं कुणाला आठवत नाही. सत्तावन्न साली कंपनीनेच ते गाड्यांवरून काढून टाकलं. पण मी म्हणतोय ते त्याआधीच्या वर्षीचं. तेव्हा नॅश म्हणजे आमचा श्वास होता. दिसायला ती उपड्या घातलेल्या न्हाणीच्या टबासारखी होती, हे आम्हालाही दिसायचं. पण ते आम्ही बोललेलं चालायचं, शेजारच्या गावच्यांनी बोललेलं नाही.

या नॅशची खरी ख्याती तिच्या पुढच्या सीटमुळे होती. बाजूचा खटका ओढला की सीटची पाठ मागे पडायची, मागच्या सीटला जाऊन टेकायची आणि गाडीत चक्क पलंग तयार व्हायचा. जाहिरातीत एक कुटुंब जंगलात गाडी लावून शांत झोपलेलं असायचं. गावातल्या आईबापांना मात्र ती जाहिरात पाहून शांत झोप लागायची नाही. ज्यांच्या घरात वयात आलेली मुलगी होती, त्यांना तर मुळीच नाही.

मला जी मुलगी पटली होती ती एलना, आणि तिचे वडील होल्गर यॉर्गनसन हे त्याच सीटच्या विभागाचे फोरमन. त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय एक सीट गाडीत बसत नसे. खटक्यातली एक स्प्रिंग तर त्यांनी स्वतः सुचवलेली. दिवसभर हा माणूस पलंग तयार करायचा आणि संध्याकाळी व्हरांड्यात बसून ते पलंग रस्त्यावरून फिरताना बघायचा. कुठल्या गाडीत कुणाचा मुलगा आणि कुणाची मुलगी, तेही त्याला दिसायचं. त्यातून त्यांनी घरात एक नियम केला होता. आपली मुलगी नॅशमध्ये बसणार नाही.

तुम्ही म्हणाल, मग दुसरी गाडी घ्यायची. माझ्याआधी एकाने ते करून पाहिलं होतं. तोही आमच्याच कारखान्यातला. एलनाला फिरवायला म्हणून त्याने फोर्ड घेतली आणि ती यॉर्गनसनांच्या दारात उभी केली. "खाल्ल्या घरचे वासे मोजणारा," एवढं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. कारखान्याच्या फाटकाजवळचं आवार फक्त आमच्या गाड्यांसाठी होतं. परक्या गाडीवाल्याला रेल्वेच्या रुळांपलीकडे गाडी लावून चालत यावं लागायचं, आणि तो चालत येत असताना सगळे बघायचे. तेव्हा नॅश घ्यावी तर मुलगी बसत नाही, न घ्यावी तर बाप उभं करत नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

मी रंगकाम विभागात होतो आणि माझ्याकडे जुनी का होईना, नॅशच होती. एलना आणि मी सगळीकडे पायी फिरायचो. थंडीत सरोवरावरून वारा सुटला की प्रेमाची कसोटी म्हणजे काय ते कळायचं. लग्नाचं तिच्या मनात होतं, माझ्याही होतं. अडसर तेवढा सीटचा होता. आणि एके दिवशी मला तोडगा सुचला. सीट आडवीच झाली नाही तर?

वेल्डिंगमधला माझा दोस्त ओटो याने बियरच्या बोलीवर एका दुपारी काम उरकून दिलं. खटका जागच्या जागी, दांडा जागच्या जागी, पण आत लोखंडाला लोखंड जोडलेलं. "आता प्रलय आला तरी ही आडवी होणार नाही," ओटो म्हणाला. मी एलनाला सांगितलं. तिला माझ्याइतका आनंद झाला नाही. तिचं म्हणणं असं, की बाबांना त्यांच्या सीटला कुणी हात लावलेला खपत नाही. मी हसलो. बायकांना यंत्रातलं काय कळतं, असा तो काळ होता आणि मी त्या काळाचाच होतो.

ही बातमी यॉर्गनसनांना योग्य वेळी, योग्य जागी द्यायची म्हणून मी त्यांना उत्तरेकडे मासे मारायला येण्याचं आमंत्रण दिलं. तळ्याकाठी माणसाचं मन मोकळं होतं. ते लगेच तयार झाले. नियम मुलीपुरता होता. स्वतः नॅशमध्ये बसायला त्यांची काहीच हरकत नव्हती.

गाव सुटलं तसे ते सीटवर रेलले आणि तिच्या कडेवरून हात फिरवत बोलू लागले. पूर्वी खटका कसा खडखडायचा, मग त्यांनी स्प्रिंग कशी बदलली, वरचे साहेब कसे आधी हसले आणि नंतर गप्प झाले. इतक्या वर्षांत आपली एकही सीट अडकलेली नाही, असं ते म्हणाले तेव्हा त्यांच्या आवाजात जे होतं, ते मुलीबद्दल बोलतानाही मी कधी ऐकलं नव्हतं. प्रत्येक मैलाला माझी चांगली बातमी आणखी वाईट होत होती. वाटेत त्यांनी सीट पाडून दाखवायची तयारीही केली. मागे गांडुळांचा डबा आहे, तो सांडेल, असं सांगून मी ते टाळलं. डबा माझ्या पायाशी होता.

तळ्यावर पोचल्यावर मी ठरवलं, काहीच सांगायचं नाही. मासे मारायचे, घरी जायचं, ओटोकडून जोड कापून घ्यायचा आणि आयुष्यभर पायी फिरायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या वेळी होडी काठावर ओढायला आम्ही दोघे वाकलो. मी सरळ झालो. यॉर्गनसन झाले नाहीत.

पाठीत उसण भरली होती. ते गवतावर हळूच आडवे झाले आणि तिथून त्यांना हलता येईना. जवळच्या वस्तीतून डॉक्टर आला, सुई टोचून म्हणाला, मोडलं काही नाही, पण पाठ टेकूनच घरी न्या, बसवू नका. मी गाडीकडे पाहिलं. यॉर्गनसनांचा चेहरा मात्र खुलला.

"तोंड कशाला पाडतोस, पोरा? नॅश घेऊन आलायस ना? सीट पाड."

मी गाडीत शिरलो आणि खटका ओढल्यासारखं केलं. ते गवतावर पडल्या पडल्या सूचना देत होते. आधी वर उचल. मग मागे रेट. गुडघा लाव. मी सगळं मनोभावे केलं. घाम मात्र खरा आला.

"होत नाही, मिस्टर यॉर्गनसन."

"नीट सांग. खटका सुटत नाही, की पाठ पडत नाही?"

"दोन्ही."

उसणीने जे केलं नव्हतं ते या एका शब्दाने केलं. चेहऱ्यावरची कळाच गेली. "माझी सीट," एवढंच ते म्हणाले. मला फार लाज वाटली. तोंड उघडलं असतं तर लाज गेली असती आणि एलनाही. मी तोंड उघडलं नाही.

माणसाला आडवं नेईल असं एकच वाहन त्या वस्तीत होतं. तिकडे शववाहिका आणि रुग्णवाहिका ही एकच गाडी असायची. अंत्यविधीची व्यवस्था बघणारे गृहस्थ तीच दोन्ही कामांना वापरायचे. पोशाखही एकच, काळा. ते यायला तयार झाले, पण सावकाश चालवीन म्हणाले, कारण त्यांना दुसरी चाल येत नव्हती.

मी वस्तीतल्या दुकानातून एलनाला फोन केला. बाबा ठणठणीत आहेत, फक्त पाठ धरलीय, शववाहिकेतून आणतोय, असं सविस्तर सांगितलं. तिला नीट समजलं. पण आमच्या गल्लीत चार घरांत मिळून एकच टेलिफोनची तार होती. बोलायचं एकाने, ऐकायचं सगळ्यांनी. शेजारच्या मिसेस हॉयर यांनी फोन उचलला तो नेमका शेवटच्या वाक्याला, आणि ऐकून पुढचं ऐकवेना म्हणून लगेच ठेवला.

पुढे काळी गाडी, तिच्यामागे माझी नॅश, असे आम्ही निघालो. समोरून येणारे लोक गाडी बाजूला घेऊन टोप्या काढत होते. वाटेतल्या मिलवॉकी शहरात एका पोलिसाने चौकातली सगळी वाहनं थांबवून आम्हाला वाट दिली. मागे कुणा भल्या माणसाच्या दोन गाड्याही दिवे लावून आमच्यात सामील झाल्या. त्या कुणाच्या अंत्ययात्रेला निघाल्या होत्या, कोण जाणे. आमच्या गल्लीपर्यंत आल्या.

यॉर्गनसनांच्या दारात रविवारच्या प्रार्थनेचे कपडे घातलेला जमाव उभा होता. कुणी गेलं की नूडल्स आणि ट्यूना माशाचं ओव्हनमधलं भांडं घेऊन जायचं, ही आमच्याकडची रीत. व्हरांड्यात भांड्यांची रांग लागली होती. एलना आणि तिची आई सकाळपासून सगळ्यांना सांगत होत्या, की ते जिवंत आहेत. लोक त्यांच्या पाठीवरून हात फिरवून म्हणत होते, हो हो, बसा तुम्ही जरा. सीट विभागाची माणसं एका बाजूला टोप्या हातात धरून उभी होती. खटके बसवणारा गस डुकराच्या तंगडीचं मोठं भाजलेलं हॅम घेऊन सगळ्यांत पुढे होता.

काळ्या पोशाखातल्या गृहस्थांनी मागचं दार उघडून स्ट्रेचर बाहेर ओढलं. यॉर्गनसनांनी मान वळवली, आपल्या माणसांचे पडलेले चेहरे पाहिले आणि खोल आवाजात म्हणाले,

"कळलं तर तुम्हाला."

एक बाई मटकन पायरीवर बसली. गसने नुसती मान हलवली.

"इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं," यॉर्गनसन म्हणाले.

"एकदा... एकदा तर सगळ्यांनाच होतं, साहेब," गस कसाबसा बोलला.

"मला नको होतं व्हायला. उद्या सकाळी लाइन बंद. बाहेर गेलेली प्रत्येक सीट परत तपासायची. गस, खटके तूच बसवतोस ना?"

मेल्यावरसुद्धा हा माणूस कामाला लावतो, असं मागून कुणीतरी पुटपुटलं. गसच्या नोकरीवर आता गदा येणार होती. त्याला तीन मुलं होती आणि खटका त्याने बरोबर बसवला होता, हे त्या गर्दीत फक्त मला, ओटोला आणि एलनाला ठाऊक होतं. ओटो भांड्यांपाशी उभा राहून चमच्याने काहीतरी चाखत होता, त्याने माझ्याकडे पाहायचं टाळलं. एलनाने टाळलं नाही.

"खटका चांगला आहे, मिस्टर यॉर्गनसन," मी म्हणालो. "मी तो आतून वेल्ड करून घेतला."

"का?"

"एलनाला गाडीत बसू द्याल म्हणून."

यॉर्गनसनांनी डोळे मिटले. आता खरंच गेले की काय, असं वाटून मिसेस हॉयर पुढे सरकल्या.

"म्हणजे स्प्रिंग धरून होती?"

"होती."

"वेल्ड कुणाचा?"

मी ओटोकडे बोट दाखवलं. त्याने चमचा मागे लपवला.

"चांगला आहे," ते म्हणाले, आणि कितीतरी तासांनी त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. "माझी चांगली सीट बिघडवलीस. ती पहिल्यासारखी कर. खटका ओढल्याबरोबर सपाट पडली पाहिजे. मी स्वतः तपासणार. तोवर या दारात पाय ठेवायचा नाही."

माझा जीव भांड्यात पडला. जोड कापायला ओटोला एक दुपार पुरली असती. "आणि ती सपाट पडली, की एलना माझ्याबरोबर येईल?"

"ज्या गाडीची सीट सपाट पडते," यॉर्गनसन म्हणाले, "त्या गाडीत माझी मुलगी बसणार नाही."

त्यांना आत नेलं. लोकांनी आणलेलं सगळं तिथेच बसून खाल्लं, कारण परत नेणं वाईट दिसलं असतं. काळ्या पोशाखातल्या गृहस्थांनी दोनदा वाढून घेतलं.

त्या उन्हाळ्यात आमचं लग्न झालं. लग्नाला त्यांनी हरकत घेतली नाही, हे मुद्दाम सांगतो. त्यांचा नियम फक्त गाडीबद्दल होता. म्हणून मी आणि एलना, ती पांढऱ्या झग्यात आणि मी उसन्या कोटात, भर उन्हात चर्चपर्यंत चालत गेलो. आमच्या मागून, आमच्याच चालीने, माझी नॅश येत होती. ती ओटो चालवत होता, आणि त्याच्या शेजारची सीट सपाट पाडून तिच्यावर माझे सासरे पाठ टेकून निवांत पहुडले होते.