यावेळी उपस्थित होते

बारावीला 'प्रसारमाध्यमे' हा विषय घेतलेल्या स्नेहलला वीस गुणांसाठी एक बातमी लिहून नगरच्या दैनिकात छापून आणायची होती. विषय शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. वाडीतून तालुक्याला जाणारी सकाळची एसटी महिन्यापूर्वी बंद पडली होती. ती चालू झाली नाही तर दिवाळीनंतर तिने आईबापाबरोबर ऊसतोडीला यायचं, असं वडिलांनी, गहिनीनाथांनी, सांगून टाकलं होतं.

"बस न्हाई तर कालेज कसलं? बारा किलोमीटर रोज कोन सोडनार तुला?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून स्नेहलला जास्त भीती वाटली. तिने जीव ओतून दीडशे शब्द लिहिले आणि सरपंच भिमाजींना वाचून दाखवले. भिमाजींनी डोळे मिटून ऐकलं.

"लई ब्येस लिव्हलंस. पन आमचं नाव कुठं हाय यात?"

"तुमी कुठं काय केलंय, आबा?"

"करायला कशाला लागतंय? शेवटाला 'यावेळी उपस्थित होते' असं असतंय, तिथं टाक."

भिमाजींचं नाव आलं म्हटल्यावर उपसरपंच रंगनाथरावांचं गाळणं म्हणजे भावकीत वैर. मग सोसायटीचे संचालक आले, भजनी मंडळ आलं, युवा मंच आला. ज्यांनी वीस वर्षांत एसटीची पायरी चढली नव्हती, तेही उपस्थित झाले. कशाला उपस्थित, हे कुणी विचारलं नाही. सांजेला बेचाळीस नावं भरली, तेव्हा गहिनीनाथ दबकत म्हणाले, "माजं बी टाक. शेवटाला चालंल."

दैनिकात जागा दीडशे शब्दांचीच होती. नावं कापली तर अंक कोण घेणार, म्हणून कात्री मजकुरावर चालली. 'वाडीची सकाळची बस सुरू करण्याची मागणी' एवढा मथळा उरला आणि खाली थेट 'यावेळी' पासून त्रेचाळीस नावं. गावाने दुपारपर्यंत सगळे अंक संपवले.

"यात बातमी कुठंय?" सरांनी विचारलं आणि वीसपैकी सहा गुण दिले. स्नेहल घरी येऊन पोटभर रडली. आई तिच्यासाठी कोयत्याला मूठ बसवत होती.

शनिवारी आगारातले साहेब ते कात्रण घेऊन वाडीत आले.

"प्रवासी नाहीत म्हणून आम्ही बस बंद केली होती," ते शांतपणे म्हणाले. "इथं त्रेचाळीस माणसं गाडी मागतायत. सोमवारपासून सोडतो. कंडक्टर रोज यादीवर हजेरी घेईल. माणसं कमी भरली, की बस बंद."

भिमाजींनी कात्रणातलं आपलं पहिलं नाव पाहिलं आणि मान डोलावली. निवडणूक तोंडावर होती, आणि बस कुणाच्या गैरहजेरीने बंद पडली हे गाव विसरलं नसतं.

सोमवारी सात वाजता कडक इस्त्रीतली सगळी पुढारी मंडळी फाट्यावर उभी होती. तालुक्यात कुणाचंही काही काम नव्हतं. कंडक्टरने छापील क्रमानेच हाका मारल्या, आणि गाडी भरली. स्नेहलला जागा मिळाली नाही. ती दांडा धरून उभी राहिली, आणि इतकं सुख तिला आजवर कधी लागलं नव्हतं.

खिडकीशी भिमाजी घाम पुसत होते.

"पोरी," त्यांनी हळूच विचारलं, "हे किती दिस चालायचं?"

"परीक्षा फेब्रुवारीत हाय, आबा."