चौथऱ्यावरचे गुंजीकर

स्वीडनमधल्या ओल्मेस्ताद नावाच्या जुन्या शहरात आमच्या सहलीतले निवृत्त अभियंते त्र्यंबक गुंजीकर यांना नगरपालिकेने ऐतिहासिक पुतळा म्हणून संरक्षण दिलं, त्या दिवशी आम्हाला जेवणात मसालेभात होता. हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्यातल्या बऱ्याच जणांना त्या दिवसातला मसालेभातच नीट आठवतो.

ओल्मेस्ताद बघण्यासारखं आहे. गावाभोवती दगडी तट, मध्ये हिरव्या पडलेल्या तांब्याच्या छपराचं मोठं चर्च, उताराच्या गल्ल्या, गोटे बसवलेले रस्ते आणि गेरूच्या रंगाची लाकडी घरं. प्रत्येक घरावर ते कधी बांधलं याची पाटी. आमच्या गटाला इतिहासाची भारी आवड. म्हणजे, समोरचा इतिहास आपल्यापेक्षा नवा निघाला की आम्हाला बरं वाटतं. सकाळपासून पेठेसर प्रत्येक पाटी वाचून मान हलवत होते आणि "ह्या, हे तर कालचंच" असं म्हणून पुढे सरकत होते. सर इचलकरंजीला मुख्याध्यापक होते, त्यामुळे त्यांनी नापास केलेलं पुन्हा कोणी बघायचं नाही असा रिवाज पडला. दुपारपर्यंत आम्ही अर्धं शहर नापास केलं.

मोठ्या चौकात ग्रुप फोटो काढायचा होता. सलील, म्हणजे आमचा टूर मॅनेजर, म्हणाला, "मंडळी, फोटोग्राफर येतोय. तोवर कोणीतरी जागा धरा. तो दुसरा ग्रुप घिरट्या घालतोय बघा."

जागा धरणं ही गोष्ट आम्हाला शिकवावी लागत नाही. चौकाच्या मधोमध एक रिकामा ग्रॅनाइटचा चौथरा होता. गुंजीकरांनी त्याच्यावर रुमाल टाकला, रुमाल वाऱ्याने उडाला, तेव्हा ते स्वतः वर चढले. कमरेवर हात ठेवून त्यांनी दुसऱ्या ग्रुपकडे असं पाहिलं, की ती माणसं आपापसांत काही बोलून चर्चकडे निघून गेली.

त्यातच त्या दिवशी गुंजीकरांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस. माणूस आयता उंचावर उभा आहे म्हटल्यावर बायकांनी बसमधून कापडी झेंडूचा हार आणला. असा हार सहलीला असतोच, कधी लागेल सांगता येत नाही. सलीलने त्यांच्या अंगावर शाल पांघरली. नारळ विमानतळावर अडकला होता म्हणून हातात खरबूज दिलं. मग पेठेसर भाषणाला उभे राहिले. गुंजीकरांशी सरांची ओळख झाल्याला जेमतेम आठवडा झाला होता, पण त्यांनी गुंजीकरांच्या दूरदृष्टीवर, त्यागावर आणि तळागाळातल्या माणसाबद्दलच्या तळमळीवर पुष्कळ वेळ विवेचन केलं. टाळ्या झाल्या. वारं बोचरं होतं. आम्ही सगळे कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात गेलो. गुंजीकर जागा धरून राहिले. जाताना कोणी मागे वळून पाहिलं नाही.

आम्ही दालचिनीचे पाव खात होतो तेवढ्यात एक उंच, करड्या केसांच्या बाई आमच्या टेबलाशी आल्या. त्यांचं नाव एब्बा लिंडबॅक. शहरातल्या जुन्या वास्तूंची देखभाल त्यांच्याकडे होती. त्या इंग्रजीत, पण आपल्याला समजेल अशा इंग्रजीत बोलल्या.

"तुमच्या पुतळ्याबद्दल नगरपालिका आभारी आहे," त्या म्हणाल्या. "त्याला आजपासून संरक्षण दिलं आहे. दोरी लावून झाली."

"पुतळा नाही हो तो," सलील म्हणाला. "ते आमचे पॅसेंजर आहेत."

"मी खिडकीतून सगळं पाहिलं," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही त्यांना चौथऱ्यावर चढवलं. हार घातला. त्यांच्यात नसलेल्या गुणांवर भाषण केलं, ते ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं. आणि मग सगळे निघून गेलात, एकानेही परत पाहिलं नाही. पुतळ्याची याहून स्पष्ट लक्षणं आमच्या नियमांत नाहीत."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. नाकारण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"नसलेल्या गुणांवर म्हणजे काय?" पेठेसरांनी विचारलं, पण मराठीत, त्यामुळे ते तिथेच राहिलं.

कुमुदताई, म्हणजे गुंजीकरांच्या पत्नी, हातातला पाव खाली ठेवून उठल्या. बारीक चणीच्या बाई, कायम स्वेटरवर शाल आणि शालीवर पर्स. त्या आधी चौकात जाऊन नवऱ्याला बघून आल्या आणि म्हणाल्या, "खरंच दोरी लावलीय. एक माणूस त्यांना मऊ ब्रशने झाडतोय."

"रागावलेत का?" सलीलने विचारलं.

"नाही ना. त्याचीच काळजी वाटते."

चार वाजता बस सुटायची होती. तिथून उत्तरेला जायचं, रात्रीही न मावळणारा सूर्य बघायला. खरं तर या सहलीला कुमुदताई आल्या होत्या त्या तेवढ्यासाठी. लग्न झाल्या वर्षी त्यांनी कुठल्याशा मासिकात त्या सूर्याचा फोटो पाहिला होता. तेव्हापासून दर उन्हाळ्यात जायचं ठरायचं आणि दर उन्हाळ्यात गुंजीकरांना दुसरं काही सुचायचं. एकदा गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं, एकदा पुतण्याची सोयरीक, एकदा नुसताच कंटाळा. या वर्षी कुमुदताईंनी त्यांना न विचारता दोघांची नावं घातली. आता सूर्य एका रात्रीच्या अंतरावर होता आणि नवरा सरकारी मालमत्ता झाला होता.

सलील हुशार मुलगा. त्याने लिंडबॅक बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, हे जुने दिसतात, पण अस्सल नाहीत. दोन्ही गुडघे बदललेत. वरचे दात पूर्ण नवे. हृदयातही काम झालंय."

बाईंनी डोळे बारीक केले. "कोणत्या काळात?"

"गुडघे करोनाच्या आधी. हृदय नंतर."

"छान. प्रत्येक काळातली डागडुजी शाबूत आहे. अशा वास्तू फार कमी उरतात." त्यांनी पाटीवर ते लिहायला सांगितलं. थोड्या वेळाने पाटी लागलीसुद्धा: पुरुष, दख्खनचे पठार, विसाव्या शतकाचा मध्य, नंतरच्या जोडकामासह. कृपया टेकू नये.

मग पेठेसरांनी खरा उपाय सुचवला. "अरे, धोकादायक ठरवा! गुंजीकरांनीच नोकरीत असताना त्या तालुक्याच्या गावची वेस अशीच पाडली होती ना? चांगली तीनशे वर्षांची. रस्ता रुंद करायचा होता. 'धोकादायक, कधीही कोसळेल' एवढंच लिहिलं आणि एका सकाळीत साफ."

ही गोष्ट गुंजीकरांनीच बसमध्ये दोनदा रंगवून सांगितली होती. आम्हीही दोन्ही वेळा दाद दिली होती.

सलीलने बाईंना सांगितलं, की हा पुतळा अत्यंत धोकादायक आहे. रक्तदाब आहे, साखर आहे, कधीही कोसळेल.

"बरं झालं सांगितलंत," बाई म्हणाल्या. "मग उद्याच आधाराचं काम सुरू करू."

"म्हणजे?"

"जुनं काही धोक्यात असलं की आम्ही ते सावरतो. तुमच्याकडे काय करतात?"

आम्ही सगळे आपापल्या कपात बघू लागलो. कॉफी चांगली होती.

शेवटी असं ठरलं की पुतळ्याशीच बोलावं. चौकात गेलो तर गुंजीकरांभोवती बरीच गर्दी. लहान मुलांची एक रांग, दोन चित्रकार, आणि वर डोक्यावर एक समुद्रपक्षी. गुंजीकर त्याला हाकलत नव्हते. खरबूज छातीशी धरून ते लांब, चर्चच्या पलीकडे बघत होते. इतकं तल्लीन आम्ही त्यांना फक्त मसालेभाताच्या वेळी पाहिलं होतं.

कुमुदताई दोरीपाशी उभ्या राहिल्या. "अहो, उतरा आता. बस निघायची."

"कुमुद, हळू बोल," गुंजीकर ओठ न हलवता म्हणाले. "चित्र काढतायत."

"चित्र पुरे झालं. तुमच्या चारच्या गोळीची वेळ झाली."

"अगं, मघापासून इथे निदान दोनशे माणसं येऊन मला बघून गेली. एकजण नाही म्हणाला, की बाबा जरा बाजूला बसा, टीव्ही दिसत नाही."

"मी बघत नव्हते का घरी?"

"तू बघायचीस ते गोळी घेतली का, बंडी उलटी घातली का. याला बघणं म्हणत नाहीत."

कुमुदताईंनी पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाल्या, "मग मी काय करू?"

"राहा इथेच. मी बोललोय त्या बाईंशी. मूळ मालकाला समोरच्या घरात खोली मिळते. देखभालीचं काम त्याच्याकडेच असतं, आणि तेही मूळ पद्धतीने. चुन्याच्या भिंतीला चुनाच लागतो, तसं आपलं वरणभात, वर तूप. रोज सकाळी गुडघ्यांना तेल."

"म्हणजे घरी करते तेच."

"हो ना! तुला काही बदलायला नको."

"आणि सूर्य?"

"कोणता सूर्य?"

"रात्रीचा. ज्याच्यासाठी आलो."

गुंजीकर इतके दचकले की डोक्यावरचा पक्षी उडाला. "हे बघ कुमुद, सूर्य मिरजेलाही उगवतो."

"उत्तरेला तो मावळत नाही, अहो."

"मग त्यात बघायचं काय? न मावळलेला सूर्य म्हणजे दुपार. दुपार तू काय कमी पाहिलीस?"

दोरीपाशी उभे असलेले आम्ही सगळे हसलो. वाक्यच तसं होतं, आणि गुंजीकरांनी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं होतं. कुमुदताई हसल्या नाहीत. त्यांनी शाल नीट केली आणि लिंडबॅक बाईंना विचारलं, "मालकाला नको असेल तर?"

"तर शहर ताब्यात घेतं," बाई म्हणाल्या. "पण मग ते परत मिळत नाही. आधी विचार करा."

"विचार झाला. त्यांच्याविषयी काही माहिती देऊन ठेवू का?"

"आम्ही आभारी राहू. जुन्या मालकांची माहिती फार मोलाची असते."

कुमुदताई सांगत गेल्या आणि बाई मान डोलवत ऐकत गेल्या. "पोहे कोरडे करू नका, ठसका लागतो. दुपारी उभ्याउभ्या झोप येईल, तेव्हा घोरतील, लोकांना घाबरू नका म्हणावं. राजकारणावर बोलायला लागले की मध्ये पडायचं नाही, फक्त अधूनमधून 'खरंय' म्हणायचं."

"स्वीडिशमध्ये चालेल?"

"कुठल्याही भाषेत चालेल. ऐकत नाहीत ते. डावीकडे लोकर जास्त लागते, त्या खांद्यात थंडी भरते. आणि रात्री पायांवर काहीतरी घाला. सांगणार नाहीत, पण पाय गार पडले की त्यांना झोप येत नाही."

लिंडबॅक बाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि दाबला. त्या शहरात हस्तांतर तेवढ्यावरच होतं.

"कुमुद? काय चाललंय तिकडे?" गुंजीकरांनी वरून विचारलं. "तिला सांग, तूप घरचंच हवं."

"सांगितलं हो," कुमुदताई म्हणाल्या. पर्समधून गोळ्यांचा डबा काढून त्यांनी ब्रशवाल्या माणसाला दिला, बोटांनी सकाळ-दुपार-संध्याकाळ समजावली, आणि त्या बसकडे चालू लागल्या.

गुंजीकरांना ते समजायला वेळ लागला. मग ते ओरडू लागले. "अगं! अगं कुठे चाललीस? सलील, अडव तिला! अरे, मी उतरतो, थांबा!" त्यांनी एक पाय खाली टाकायला घेतला, पण ब्रशवाल्या माणसाने तो अलगद उचलून परत जागेवर ठेवला आणि वरून पुसला. समोर एक जपानी ग्रुप नुकताच येऊन थांबला होता. त्यांच्या गाईडने लिंडबॅक बाईंना विचारलं, की हा पुतळा काय म्हणतो.

"बायकोला हाक मारतो," बाई म्हणाल्या. "पहिल्यांदाच मारत असावा. आवाजात गंज आहे."

जपानी पाहुण्यांनी कमरेत वाकून अभिवादन केलं.

बसमध्ये कुमुदताई खिडकीपाशी बसल्या. पेठेसरांनी लाडवांचा डबा फिरवला. कुमुदताईंनी दोन घेतले. बस चौकाला वळसा घालून निघाली आणि सलीलने सवयीप्रमाणे माईक उचलला. "मंडळी, डाव्या हाताला बघा, ओल्मेस्तादचा प्रसिद्ध..." इतकं म्हणून तो अडखळला. पण तोवर सगळ्यांचे फोन वर गेले होते. कुमुदताईंनीही एक फोटो घेतला. तो हलला, म्हणून दुसरा घेतला. काचेपलीकडे गुंजीकर दोन्ही हात हलवत होते. खरबूज खाली पडून फुटलं होतं आणि त्यावर पक्षी जमले होते.

"काकू," सलील माईक बाजूला ठेवून हळूच म्हणाला, "पाच मिनिटं थांबायचं का? तिकडे काही अंधार पडणार नाहीये. घाई अशी नाहीच आपल्याला."

कुमुदताईंनी फोन पर्समध्ये ठेवला.

"तरी चला," त्या म्हणाल्या.