आगीची रंगीत तालीम

टिक्.

बाळ नुकतंच झोपलं होतं. चिमणी, म्हणजे आमची पाच वर्षांची लेक, पालथी पडून हत्तीला हिरवा रंग देत होती. घरात अशी शांतता क्वचित येते, आणि आली की मी घड्या घालायचे कपडे तसेच टाकून लिहायला बसते. पहिलं वाक्य जुळत आलं आणि वरून पुन्हा आवाज आला. टिक्.

छतावरचा धुराचा अलार्म बॅटरी संपत आल्याचं सांगत होता. शहाणी माणसं अशा वेळी बॅटरी बदलतात आणि विसरून जातात. मी बॅटरी बदलली आणि विचार करायला लागले. सगळं बिघडलं ते तिथे.

हिवाळ्याची सुट्टी होती, सासू-सासरे राहायला आलेले, आणि थंडी अशी की नळाचं पाणी हाताला चावत होतं. घरभर काही ना काही तापत होतं. पडद्याला चिकटून हीटर, हीटरवर बाळाची दुपटी. एकाच एक्स्टेन्शनवर दिव्यांची माळ, इस्त्री, नवऱ्याचा फोन आणि सासूबाईंची शेकायची पिशवी, एका पांघरुणात चार पोरं झोपावीत तशी. मी पदर खोचला. संध्याकाळपर्यंत हीटर पडद्यापासून लांब गेला, दुपटी दोरीवर गेली, इस्त्री कपाटात गेली. या सुट्टीत आमच्या घराला आग लागायचीच असेल, तर तिला आधी माझी परवानगी घ्यावी लागणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाहीर केलं, "आज आगीची रंगीत तालीम."

"म्हणजे खोटी आग?" सासूबाई मटार सोलत होत्या, त्यांनी मानही वर केली नाही.

"हो, आई. अलार्म वाजला की सगळ्यांनी बाहेर, फाटकापाशी. हातात काही घ्यायचं नाही. शेवटच्या माणसानं दार ओढून घ्यायचं, म्हणजे आग पसरत नाही. आणि एकदा बाहेर पडलं की काही झालं तरी परत आत जायचं नाही."

"का?" चिमणीनं विचारलं.

"कारण वस्तू परत मिळतात, माणसं नाही मिळत."

तिनं हे इतकं मनावर घेतलं की हिरवा हत्ती लगेच जमिनीवर ठेवून दिला.

सासऱ्यांचे डोळे मात्र चमकले. आयुष्यभर शाळेत कवायत शिकवलेला माणूस तो, निवृत्तीनंतर त्यांना कुणी रांगेत उभं राहून दाखवलं नव्हतं. "शेवटचा माणूस मी," ते म्हणाले आणि स्वेटर खाली ओढून ताठ झाले.

मी झाडूच्या दांड्यानं अलार्मचं बटण दाबलं.

पहिली फेरी म्हणजे नुसता पोरखेळ झाला. नवरा आला तो किल्ल्या, फोन आणि मफलर घेऊन. सासूबाई आल्या शाल पांघरून, औषधांचा डबा काखेत आणि मटारची टोपली हातात घेऊन.

"आई, मटार कशाला?"

"घर जळालं तरी रात्री जेवायचं आहेच ना गं?"

"हे काय, बिऱ्हाड हलवताय का?" सासरे कडाडले. "पुन्हा. सगळं जागेवर ठेवून या."

मीही नवऱ्याकडे वळले. "जळत्या घरातून किल्ल्या कोण शोधत बसतं? त्या खुंटीवर राहू देत."

"मग दार..."

"आग लागली की दाराचा विचार करायचा नाही," मी म्हणाले. असं ठणकावून बोलताना मला फार बरं वाटतं, तिथेच मी सावध व्हायला हवं.

एवढ्या गडबडीत बाळ उठलं. त्याच्या दुधाची वेळ झाली होती, म्हणून त्याच्या बाटल्या आणि रबरी बोंडलं पातेल्यात उकळायला ठेवली. पाणी थोडंच होतं, पण मी तिथेच तर उभी होते. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला, "तयार!" मी बाळाला खांद्यावर टाकलं, झाडू उचलला आणि बटण दाबलं.

दुसरी फेरी बघण्यासारखी झाली. एकापाठोपाठ एक, रिकाम्या हातांनी, न बोलता. सर्वांत शेवटी सासऱ्यांनी दार असं ओढलं की कुलपाची जीभ खटकन आत बसली. आमचं दार ओढलं की आपोआप कुलूपबंद होतं. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, फक्त त्या क्षणी कुणाला माहीत नव्हतं.

फाटकापाशी आम्ही मोजेसुद्धा न घालता उभे होतो. चिमणी आजोबांच्या पावलांवर पाय ठेवून उभी राहिली, त्यांनी तिला स्वेटरच्या आत घेतलं. जमिनीवर दोनच पावलं, वर एका स्वेटरमधून दोन डोकी. मला वाटलं, हे एवढं जपलं गेलं तर मला आणखी काही नको.

आणि घरात अलार्म वाजायला लागला.

"मशीन चांगलं आहे हो," सासरे म्हणाले. "आपणहून सराव करतंय."

मी गर्रकन दाराकडे वळले. "बाटल्या."

"कसल्या बाटल्या?" नवरा म्हणाला.

"बाळाच्या. गॅसवर."

"किल्ल्या?"

"खुंटीवर."

"फोन?"

"आतच." त्यानं फार मोठेपणानं पुढचं विचारलं नाही. शेजारचे सुट्टीला गावी गेले होते. आम्ही घराला वळसा घालून मागे धावलो. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या फटीतून धुराची बारीक रेघ येत होती. त्या खिडकीची कडी दुरुस्त कर म्हणून मी नवऱ्याच्या मागे कधीपासून लागले होते. त्या दिवशी त्याच्या आळसाला मी मनोमन हात जोडले.

बाळ सासूबाईंकडे दिलं. नवरा ओणवा झाला. मी त्याच्या पाठीवर पाय ठेवणार, तोच चिमणी हात पसरून मध्ये आली.

"आई, परत आत जायचं नाही."

"हो बाळा, बरोबर आहे तुझं," मी म्हणाले आणि तिला उचलून बाजूला ठेवलं.

"तुझा पाय माझ्या मणक्यावर आहे," खालून नवरा म्हणाला.

"थोडा वर हो."

आत ओट्यावर उतरले तर पातेलं कोळशासारखं काळं, बोंडलं तळाला वितळून चिकटलेली, आणि जळक्या रबराचा वास असा की टायरच्या दुकानाला आग लागली असावी. आणखी जरा उशीर झाला असता, तर शेजारची फडकी पेटलीच असती. मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, झाडूनं अलार्म गप्प केला आणि पुढचं दार उघडलं.

सगळे रांगेनं आत आले. सासरे म्हणाले, "दार मात्र मी पक्कं लावलं होतं." सासूबाईंनी पातेल्यात डोकावून बघितलं, मला पाणी दिलं आणि एवढंच म्हणाल्या, "हीटरवर बरं लक्ष होतं गं तुझं."

मी खाली बसले. चिमणी येऊन मांडीवर बसली. तिचे पाय बर्फासारखे गार होते, मी ते ओंजळीत धरून चोळत राहिले.

"आई, आग नव्हती तेव्हा आपण सगळे पळत बाहेर गेलो ना?"

"हो."

"आणि खरंच धूर झाला तेव्हा तू पळत आत गेलीस."

"हो."

"मग खरी आग लागली की कुठे जायचं?"