माहेराकडे तोंड केलेलं चाक

आमच्या मोटरसायकलचं मागचं चाक गेल्या चैत्रापासून माझ्या माहेराकडे तोंड करून चालू लागलं.

हे सकाळी कचेरीला जायला निघायचे आणि वाकुर्ड्याला, म्हणजे माझ्या आईच्या दारात पोचायचे. हँडल सरळच धरलेलं असायचं. ओढा ओलांडला की मागचं चाक डावीकडे रेटायचं आणि पुढचं चाक बिचारं मागून रेटा आला की जाईल तिकडे जायचं. आई ह्यांना चहा द्यायची, ह्यांचा डबा तिथेच उघडायची आणि आमटीत मीठ कमी आहे असं माझ्यासाठी सांगून पाठवायची.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. चाक ज्याचं वजन वाहतं त्याच्या मनासारखं होतं. लग्न झाल्यापासून मी त्या चाकाच्या वर बसत आले. बाजाराला जाताना, लग्नकार्याला जाताना, दवाखान्यात जाताना मी मागे बसून वाकुर्ड्याचा विचार करायचे. तो विचार सीटमधून खाली उतरत गेला आणि चाकात मुरला. ह्यांनी मला कधी बोल लावला नाही. फक्त एकदा म्हणाले, "दुसऱ्या कशाचा तरी विचार करून बघ." मी लोणच्याचा विचार करून पाहिला. पण कैऱ्या वाकुर्ड्याच्याच डोळ्यासमोर आल्या.

खरं सांगायचं तर मी सुखात होते. पूर्वी मला माहेर दिवाळीला आणि पंचमीला दिसायचं. आता कुठेही निघालं तरी आई दिसायची. मेथी आणायला निघालो तरी आई, किराणा आणायला निघालो तरी आई.

पण कचेरीतल्या साहेबांनी ह्यांना पत्र दिलं. आपण कामाच्या वेळी वारंवार सासुरवाडीस हजर असता, तरी चाक सोमवारपर्यंत दुरुस्त करावे, अन्यथा आपले टेबल सासुरवाडीस हलवण्यात येईल. साहेबांचा हेतू चांगला होता, त्यांना ह्यांचा पगार कापायचा नव्हता. पण पत्र वाचून हे खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. टेबल सासुरवाडीला गेलं म्हणजे माणूस घरजावई झाला, मग पगार सरकारी असला तरी.

चाक सरळ झालं की माझं माहेर पुन्हा दिवाळी-पंचमीवर जाणार होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन डाळ निवडत बसले, निवडून झालेली पुन्हा निवडली.

गॅरेजवाल्या बाबूने हात लावायला नकार दिला. तो म्हणाला की हा दोन घरांमधला प्रश्न आहे, मी पाना फिरवला तर उद्या दोन्हीकडून मला बोल लागेल. असली चाकं घरीच, दोन्हीकडची माणसं बसवून सरळ करतात. तेव्हा रविवारी आमच्या अंगणात बैठक ठरली. माझ्याकडून हणमंतदादा आला, माझा थोरला भाऊ. ह्यांच्याकडून शालन वन्सं आल्या, ह्यांची थोरली बहीण. दोघांना पानसुपारी दिली आणि एकेक पाना दिला.

मोटरसायकल मधल्या स्टँडवर उभी केली. गाडी उभी असताना मी वर बसल्याशिवाय चाकाचं तोंड वळत नव्हतं, म्हणून मला मागच्या सीटवर बसवलं. ह्यांनी खालच्या अंगाला एक लांब सुतळी मागच्या टायरला टेकवून पुढच्या चाकाकडे ताणली. चाकं एका रेषेत असती तर ती पुढच्या टायरलाही टेकली असती. पण ती चार बोटं डावीकडून निघून गेली, कुंपणावरून थेट वाकुर्ड्याच्या दिशेला.

सगळ्यांनी ती दिशा बघितली. दादाने खाली मान घातली. मुलीकडची बाजू, त्याला ओशाळल्यासारखं झालं.

काम अवघड नव्हतं. मागच्या चाकाच्या एक्सलला दोन्ही टोकांना एकेक छोटा नट असतो. तो आवळला की चाकाची ती बाजू मागे ओढली जाते, सैल केला की पुढे येते. डावा नट दादाकडे होता, उजवा वन्संकडे. दोन्हीकडे नटाजवळ कोरलेल्या खुणा सारख्या आल्या की चाक सरळ, आणि दोन्ही मिळून किती ओढलं त्यावर चेनचा ताण.

दादा म्हणाला, आम्ही मुलीकडचे, नमतं आम्हीच घ्यायचं. त्याने आपला नट अर्धा आटा सैल केला. चाकाचं तोंड जरा सरळ झालं. तिथेच थांबायला हवं होतं. पण वन्संना ते बरं दिसेना. पाहुण्याने नमतं घ्यायचं आणि आपण ताठ राहायचं, अशी त्यांच्या घरची रीत नव्हती. त्यांनीही आपला नट अर्धा आटा सैल केला. चाक पुन्हा वाकुर्ड्याकडे.

"ताई, असं नका करू," दादा म्हणाला आणि त्याने आणखी एक आटा सोडला.

"तुम्ही सोडायचं आणि आम्ही बघत बसायचं?" वन्सं म्हणाल्या. त्यांनीही सोडला.

मी वर बसून बघत होते. एकमेकांचा मान राखण्यात दोघंही इतके पुढे गेले की चाक होतं तितकंच वाकडं राहिलं आणि चेन मात्र वाळत घातलेल्या धोतरासारखी लोंबू लागली. ह्यांनी काळजीने चाक हाताने फिरवून पाहिलं. चेन मागच्या दात्यांवरून घसरली आणि खाली पडली.

चहा निवला. दादाने पाना खाली ठेवला आणि वन्संनीही ठेवला, कारण त्याने ठेवला होता.

मग वन्सं वर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माला, आता तूच सांग बाई. आमच्यावर सोडलंस तर आम्ही सोडतच बसू."

मला इतक्या जणांसमोर बोलायची सवय नव्हती. पण मी उंच बसले होते, आणि उंचावरून बोलणं थोडं सोपं जातं.

"दादा, तू खुणेपर्यंतच ओढ. वन्सं, तुम्ही जास्त ओढा, तुमची बाजू पुढे राहिली आहे. चाक सरळ होऊ दे. मला आईकडे जायचं असलं की मी तोंडाने सांगेन."

"मग इतकी वर्षं का नाही सांगितलंस?" हे खालून म्हणाले. हातांना काळं ग्रीस लागलं होतं. "मी कधी नाही म्हणालो होतो?"

"तुम्ही कधी विचारलं होतं?"

ह्यांनी चेन उचलून दात्यांवर बसवली आणि म्हणाले, "ओढा, वन्सं."

ते बहिणीला वन्सं म्हणाले हे कुणाच्या लक्षात आलं नाही, ह्यांच्याही नाही. माझं बोलणं त्यांच्या तोंडात गेलं होतं.

दोघांनी मान बाजूला ठेवून पाने फिरवले. खुणा दोन्हीकडे सारख्या आल्या. चेन मधोमध बोटाने वर उचलून पाहिली, दोन बोटं उचलली गेली, जितकी उचलली जावी तितकी. आधी सैल केलेला एक्सलचा मोठा नट पुन्हा आवळला. सुतळी पुन्हा ताणली तेव्हा ती दोन्ही टायरांना टेकली आणि पुढे कुंपणाबाहेर कुणाच्याच गावाकडे गेली नाही. वन्संनी दादाला साखर दिली, दादाने वन्संना.

चाचणी घ्यायला आम्ही दोघं निघालो. मोटरसायकल इतकी सरळ चालली की मला ती दुसऱ्या कुणाची वाटली. ओढा ओलांडला. चाकाने कुठेही रेटलं नाही. तिठ्यावर हे थांबले, कारण आता ठरवायला कुणीच नव्हतं.

"कुठं जायचं?" ह्यांनी मान वळवून विचारलं.

लग्नानंतर पहिल्यांदाच. मी तोंडानेच सांगेन असं म्हणून बसले होते.

"आईकडे," मी म्हणाले.

ह्यांनी हँडल डावीकडे वळवलं.

वाटेत दादाचा फोन आला, कुठे आहात म्हणून. मी सांगितलं, तुझ्या घरी निघालोय. तो म्हणाला, बरं, मग मी आणि ताई तुमच्या घरी जेवून घेतो.

आई दारातच होती. आजवर मोटरसायकल आली की ती आधी मागच्या चाकाला हळदकुंकू लावायची, कारण आणणारं तेच होतं, आणि मग ह्यांना आत या म्हणायची. आज ती दोरीवरचे कपडे काढता काढता थबकली आणि तिने चाकाकडे निरखून पाहिलं.

"सरळ दिसतंय," ती म्हणाली. "मग आणलं कुणी?"

"ह्यांनी," मी सांगितलं.

आईने कपडे तसेच दोरीवर टाकले आणि आत गेली. बाहेर आली ती भाकरतुकडा, पाण्याचा तांब्या आणि आरतीचं तबक घेऊन. जावई पहिल्यांदा घरी येतात तेव्हा जसं करतात तसं तिने सगळं केलं. भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, आणि ह्यांना कुंकवाचा टिळा लावला. आतापर्यंतच्या येण्यांचं काय, असं हे विचारणार होते, पण आईने आधीच सांगून टाकलं की ती येणी चाकाची होती, त्यांचा मान चाकाला पोचला.

हे लाजले. मग टिळा लावलेल्या कपाळाने, काळ्या हातांनी, नव्या जावयासारखे उंबऱ्यावर उजवं पाऊल ठेवून आत गेले.