होडीचं पोट

रऊफचाचांच्या होडीत पाय ठेवण्याआधी माणसाची झडती होते. चाचा तांबं शोधतात.

“हातात कडं हाय का? तांब्याचं? काढा, खिशात ठिवा.”

एकदा पलीकडच्या गावाला पूजेला निघालेल्या गुरुजींनाही त्यांनी सोडलं नाही. “गुरुजी, पळी-पंचपात्री मांडीवर धरा. ओल्या पत्र्याला तांबं लागलं की पत्रा सडतो.” गुरुजी तान्हं मूल घेतल्यासारखे पलीकडे पोचले.

आमच्या शेवगाव तालुक्यात धरणामुळं गोदावरीचं पाणी मागं पसरलंय. त्याला आम्ही फुगवटा म्हणतो. आमच्या घाटावर माणसं ने-आण करणाऱ्या होड्या दोनच, एक चाचांची आणि एक माझी. दोन्ही ॲल्युमिनियमच्या, नगरहून एकाच टेम्पोत आलेल्या. जुळ्या बहिणीच म्हणा. आज त्यांची घासलेल्या ताटासारखी लखलखते. माझ्या होडीला पांढरी भुकटी, खड्डे आणि बुडाला शेवाळाची दाढी. मी या माणसावर जळतो. अगदी मनापासून जळतो.

बाजारच्या दिवशी गाव बाजारात असतं, तेव्हा चाचा होडी काठावर उलटी घालून नारळाच्या शेंडीनं तिचं बूड घासत असतात. तारेचा ब्रश चालत नाही, लोखंडाचा कण मागं राहतो म्हणे. चिकटलेल्या गोगलगाई बांबूच्या चिपेनं काढायच्या. “आधी पोट बघावं, मंग तोंड,” हे त्यांचं पालुपद. नव्या नर्सबाई पहिल्यांदा घाटावर आल्या, तेव्हा माझ्या होडीकडं बोट करून चाचांनी विचारलं, “पोट बघता का जरा?” बाईंनी मलाच गोळ्या दिल्या.

होडीच्या बुडाला त्यांनी मॅग्नेशियमचा एक गोळा बसवलाय. त्याला ते बकरा म्हणतात. पाणी आधी त्याला खातं, पत्र्याला सोडतं. “बकरा संपत आला, नगरहून नवा आनतो,” असं ते एकदा पारावर बोलले आणि दोन दिवस लोक जेवणाच्या आमंत्रणाची वाट बघत बसले.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण माझी सख्खी सासू माझी होडी रिकामी जाऊ देते आणि चाचांची वाट बघत उन्हात उभी राहते!

शेवटी मी समुद्रातल्या होड्यांचा लाल रंग मागवला. त्यावर शेवाळ धरत नाही म्हणे. होडी नवरीसारखी दिसायला लागली. चाचा आले, डबा नाकाशी नेला, त्यावरचं बारीक अक्षर वाचलं आणि कपाळाला हात लावला.

“अरं, यात तांबं हाय! खरवडून काढ आजच.”

मी मनात म्हटलं, जळला! त्या रात्री मला काय गाढ झोप लागली!

उन्हाळ्यापर्यंत रंगाला फोड आले आणि फोडांखाली पत्र्याला भोकं पडली. तेवढ्यात मला डेंग्यू झाला. दवाखान्यात पडल्या पडल्या डोळ्यांपुढं एकच चित्र यायचं. माझी सगळी गिऱ्हाइकं चाचांच्या होडीत बसलीत आणि सासू सगळ्यात पुढं.

महिन्यानं घरी आलो तसा काठी टेकत घाटावर गेलो. माझी होडी उलटी घातलेली होती. लाल रंगाचा ठिपका नाही. भोकांवर ॲल्युमिनियमचीच ठिगळं, आणि मधोमध कोरा करकरीत बकरा. शेजारी चाचा बोटांची सालटी सोलत बसलेले.

“चाचा, हे कशापायी? माझी गिऱ्हाइकं तर तुमच्याकडंच येत हुती.”

“येत हुती की. उतरली की आपापल्या घरी जात हुती.” ते पाण्याकडं बघत होते. “पोरं पुन्याला. घरात मी आन् भिंती. हितं तू असायचास. दिसभर माझ्या होडीकडं खाऊ का गिळू बघायचास. पर बघायचास तरी. ह्या महिन्यात कुनीच बघितलं न्हाई रं.”

मी काठी बाजूला ठेवून त्यांच्या शेजारी बसलो.

“उठ, हात लाव,” चाचा म्हणाले. एक टोक त्यांनी धरलं, एक मी. होडी सुलटी करून पाण्यात ढकलली. मग ते आपली होडी घेऊन आले आणि मधे जुना टायर अडकवून माझ्या होडीला खेटून बांधली.

मी दोन्हींकडं नीट बघितलं. त्यांचीच जास्त चमकत होती.

“काय बघतूस?” चाचांनी विचारलं.

“काही न्हाई,” मी म्हणालो, आणि बघत राहिलो.