अभ्यासक्रमाबाहेरचे बेदाणे

आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पान त्रेचाळीसवर दोन चित्रांखालच्या ओळींची अदलाबदल झाली. त्यामुळे बेदाणा साध्या पाण्यात टाकल्यास पेशीपटलातून पाणी बाहेर पडते व बेदाणा आकसतो, आणि मिठाच्या पाण्यात टाकल्यास तो फुगतो, असे छापून आले. पुस्तकाच्या दोन लाख प्रती निघाल्या. बेदाण्यांना कळवण्यात आले नाही.

एकवीस वर्षे विज्ञान शिकवणाऱ्या बाई पुस्तक घेऊन मुख्याध्यापकांकडे गेल्या.

"सर, हे उलटं छापलंय. विरघळलेलं मीठ-साखर जिकडे जास्त, तिकडे पाणी जातं. बेदाण्यात तर साखर ठासून भरलेली. साध्या पाण्यात तो फुगणारच."

"बाई, पुस्तक मंडळानं छापलंय," मुख्याध्यापक चष्मा पुसत म्हणाले. "बेदाणा कोणी छापलाय?"

बाईंनी मंडळाला पत्र लिहिले. चार महिन्यांनी उत्तर आले: 'सदर बाब तज्ज्ञ समितीच्या विचाराधीन आहे. निर्णय होईपर्यंत पाण्याची ये-जा प्रचलित पाठ्यपुस्तकानुसारच राहील, याची दक्षता विषयशिक्षकांनी घ्यावी.'

त्याच आठवड्यात निरीक्षक तपासणीला आले. बाईंनी बेचाळीस बेदाणे साध्या पाण्यात टाकले. निरीक्षकांचे चहापाणी होईपर्यंत बेचाळीसच्या बेचाळीस टम्म फुगले होते.

"एकसुद्धा आकसला नाही?" निरीक्षकांनी विचारले.

"नाही साहेब."

"कुठून आणले?"

"कोपऱ्यावरच्या दुकानातून."

"तरीच," निरीक्षक म्हणाले, आणि शेरा लिहिला: 'बेदाण्यांचे वर्तन अभ्यासक्रमाशी विसंगत. शिक्षिकेचे त्यांच्यावर नियंत्रण नाही. पंधरा दिवसांत सुधारणा दाखवावी, अन्यथा वेतनवाढ रोखण्यात येईल.'

बाईंनी पंधरा दिवस विचार केला. खरे तर पहिल्याच दिवशी त्यांचा विचार झाला होता. उरलेले चौदा दिवस त्यांनी स्वतःची समजूत घालण्यात काढले. मग घरूनच फुगवून आणलेले बेदाणे आणि मिठाचे दाट पाणी घेऊन त्या प्रयोगशाळेत गेल्या. चंचुपात्रावर चिठ्ठी चिकटवली: 'साधे पाणी'.

पुन्हा तपासणीला आलेल्या निरीक्षकांचा चहा होईपर्यंत बेदाणे सुरकुतून तळाशी बसले होते.

"आता कसं!" निरीक्षक प्रसन्न झाले.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने पुढे येऊन पाण्यात बोट बुडवून जिभेला लावले.

"बाई, पाणी खारट आहे."

निरीक्षकांनी मुलीकडे पाहिले, मग चिठ्ठीकडे पाहिले. चिठ्ठी स्वच्छ अक्षरात होती.

"बाळ, घशाच्या डॉक्टरांना दाखवून घे," ते मायेने म्हणाले.

बाई फळा पुसू लागल्या. फळ्यावर काहीही लिहिलेले नव्हते.

वार्षिक परीक्षेत पाच गुणांना प्रश्न आला: बेदाणा साध्या पाण्यात टाकल्यास काय होते? मुलीने लिहिले: 'साध्या पाण्यात फुगतो. बाईंच्या पाण्यात आकसतो.'

उत्तरपत्रिका तपासायला बाईंकडेच आली. बाजूला मंडळाची नमुना उत्तरे होती. त्यांनी शून्य दिले, आणि ते इतके लहान काढले की बेरजेच्या वेळी त्यांनाच शोधावे लागले.

दोन दिवसांनी मुलीची आई शिक्षकांच्या खोलीत आली. बाकीचे शिक्षक वर्गावर गेले होते. बाई उठून उभ्या राहिल्या. काय बोलायचे ते त्यांनी पाठ करून ठेवले होते: चूक माझीच आहे, मी लेखी द्यायला तयार आहे.

"बसा हो बाई, मार्कांसाठी नाही आले," आई म्हणाली. "घरी पाठ करून घेतलं मी तिच्याकडून. घडाघडा म्हणते, पण लिहीत नाही. म्हणते, मी बघितलंय ना! परवा हिच्या आत्यानं नवी साडी नेसून विचारलं, कशी दिसते? तर हिनं सांगितलंन्! पुढं कसं व्हायचं हिचं? ही बघायची सवय मोडेल का हो?"

पाठ केलेले बाईंच्या उपयोगी पडले नाही. त्या हळूहळू खाली बसल्या.

"मोडते," त्या म्हणाल्या. "बहुतेकांची दहावीपर्यंत मोडते. तुमची कितवीत मोडली?"

आई विचारात पडली. बोटांवर काहीतरी मोजले, पुन्हा मोजले.

"आठवत नाही हो."

"मग नीट मोडलीय," बाई म्हणाल्या. "मलाही आठवत नाही."

आईचा जीव भांड्यात पडला.